आयरिश ‘ब्यॅन’चं ‘म्ना’ का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई आयर्लंडमध्ये गॉलवेजवळच्या एका गावात आयरिश भाषेच्या उन्हाळी वर्गाला गेल्या आहेत. तिथल्या खाणावळीत स्वच्छतागृहाची दोन दारं होती, एकावर ‘फिर’ आणि दुसऱ्यावर ‘म्ना’. रोमन लिपीत पहिल्या पाटीचं आद्याक्षर एफ आणि दुसरीचं एम, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने त्या पुरुषांच्या दाराकडे वळल्या. ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्ना’ म्हणजे बायका हे मागाहून कळलं. पण शब्दकोशात बाईला शब्द मिळाला तो ‘ब्यॅन’. मग ‘म्ना’ कुठून आलं? हे दोन निराळे शब्द आहेत का? वर्गातल्या एका सोबत्याने हा शब्द संस्कृत ‘वनिता’वरून आल्याचं सांगितलं, ते खरं का? आणि ज्यांच्या घरी त्या उतरल्या आहेत त्या घरच्या बाईंना आयरिशमध्ये नीट हाक कशी मारायची?

आधी सरळ उत्तर देतो. ‘ब्यॅन’ आणि ‘म्ना’ हा एकच शब्द आहे. ‘ब्यॅन’ म्हणजे बाई आणि ‘म्ना’ म्हणजे बायका. शिवाय ‘बाईचा, बाईची, बाईचं’ असं म्हणायचं असेल तरी ‘म्ना’च. ‘वनिता’शी त्याचा काही संबंध नाही. संस्कृतात त्याची सख्खी भावंडं आहेत, पण ती ‘जनि’ आणि ‘ग्ना’.

वीसेक वर्षं मी जुनी आयरिश शिकवतो आहे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वही पुढे करून विचारतं, ‘सर, हे छापताना चुकलंय का?’ ते चुकलेलं नसतं. उलट, युरोपातल्या आज बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये इतकी जुनी ठेवण इतक्या नीट जपलेला दुसरा शब्द मला चटकन सुचत नाही. म्हणून उत्तर जरा लांब लिहितो.

उच्चारापासून सुरू करू. ‘ब्यॅन’ची रोमन अक्षरं बी, ई, ए, एन. त्यातली ‘ई’ वाचायची नसते. आधीचा ‘ब’ मऊ, म्हणजे किंचित ‘य’ची छटा लावून म्हणायचा, एवढंच ती सांगते. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची अशी जोडी आहे, एक जाड आणि एक बारीक. ‘म्ना’ मराठी माणसाला अवघड जाऊ नये. ‘निम्न’मधला ‘म्न’ आपण रोज म्हणतो, तोच इथे शब्दाच्या सुरुवातीला आला आहे. मात्र तुम्ही गॉलवेकडे आहात, तिथे कानावर ‘म्रा’ पडेल. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या बोलींत व्यंजनानंतरच्या ‘न’चा ‘र’ होतो. लिहायचं ‘म्ना’ आणि बोलायचं ‘म्रा’.

आता रूपं पाहू. दाराचाच विषय आहे, तर आयरिशमध्ये दाराला ‘दोरस’ म्हणतात, आणि तो खरोखरच आपल्या ‘द्वार’चा नातलग आहे. ‘अन व्यॅन’ म्हणजे ती बाई. ‘न म्ना’ म्हणजे त्या बायका. ‘दोरस न म्ना’ म्हणजे त्या बाईचं दार. ‘दोरस न मन’ म्हणजे त्या बायकांचं दार. हे शेवटचं ‘मन’ लिहिताना एम, बी, ए, एन असं लिहितात. त्यातला ‘बी’ मूळ शब्दाचा आहे आणि वर चढलेला ‘एम’ बोलायचा आहे. म्हणजे मूळ रूप ‘बन’, षष्ठीचं बहुवचन. जुन्या ग्रंथांत आणि दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतातल्या म्हणींत ‘म्नी’ असंही एक रूप भेटतं, ते आपल्या चतुर्थीच्या जागी येणारं. एका शब्दाची ब्यॅन, म्ना, म्नी, बन अशी चार रूपं, आणि सुरुवातीचा आवाज कधी ‘ब’, कधी ‘व’, कधी ‘म’. नवशिक्याचा धीर सुटणं स्वाभाविक आहे.

या गोंधळात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या सुट्या केल्या की बरंच हलकं वाटतं. ‘ब्यॅन’चं ‘म्ना’ होणं ही या एकाच शब्दाची, अतिशय जुनी गोष्ट आहे. ‘ब्यॅन’चं ‘व्यॅन’ आणि ‘बन’चं ‘मन’ होणं ही आयरिशमधल्या सगळ्याच शब्दांना लागू असलेली, त्यामानाने नवी गोष्ट आहे. आधी जुनी घेऊ.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इराणी, जर्मानिक, स्लाव्हिक, केल्टिक या सगळ्या भाषांची जी मूळ भाषा अभ्यासक मानतात, तिच्यात ओठ गोल करून म्हटलेला एक ‘ग’ होता. आपण त्याला ‘ग्व’ असं लिहू. बाईसाठीचा शब्द त्याच आवाजाने सुरू व्हायचा. प्रथमेत जोर पहिल्या अक्षरावर असे, म्हणून तिथला स्वर टिकला आणि रूप झालं साधारण ‘ग्वेन-’. षष्ठीत जोर प्रत्ययावर सरके, मग पहिला स्वर गळून ‘ग्वनास्’ असं काहीतरी उरे. मराठी माणसाला यात परकं काही नाही. ‘माणूस’ म्हणताना ‘णू’ ठसठशीत ऐकू येतो, पण ‘माणसाचा’ म्हणताना तो ‘ऊ’ नाहीसा होतो आणि तोंडून ‘माण्साचा’ निघतं. ‘कापूस, कापसाचा’ तसंच. सामान्यरूपात मधला स्वर गळणं आपण लहानपणापासून न शिकता करतो.

पुढे केल्टिक भाषांच्या शाखेत त्या ‘ग्व’चा सरसकट ‘ब’ झाला. मग प्रथमा ‘बेन-’ आणि षष्ठी ‘ब्नास्’. आता ‘ब’ला लगेच ‘न’ चिकटला होता. शाळेत आपण अनुनासिक संधी शिकलो: वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, अप् अधिक मय म्हणजे अम्मय. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होऊन बसतं. ‘प’वर्गातलं अनुनासिक ‘म’. म्हणून ‘ब्ना’चं ‘म्ना’. तुमच्या खाणावळीच्या दारावरचा ‘एम’ तो हा! शाळेच्या पुस्तकातला नियम आयर्लंडमध्ये दोनेक हजार वर्षांपूर्वी घडून गेला आणि अजून पाटीवर दिसतो.

ही सारी आकडेमोड भाषाशास्त्रज्ञांनी घरबसल्या केली असं वाटत असेल तर एक पुरावा सांगतो. तो शिकवताना माझा आवाज अजून चढतो. 1983 साली दक्षिण फ्रान्समध्ये लारझाक या पठारावर एका जुन्या थडग्यात शिशाचा कोरीव पत्रा सापडला. तो इसवी सन 100च्या आसपासचा आहे आणि त्यावरचा मजकूर गॉलिश भाषेत आहे. गॉलिश म्हणजे सीझरने जिंकलेल्या गॉल देशाची भाषा, आयरिशची लांबची बहीण, केव्हाच मेलेली. त्या पत्र्यावर ‘ब्ननोम ब्रिक्तोम’ असे शब्द आहेत: बायकांचा मंत्रतंत्र. ‘ब्ननोम’मध्ये ‘ब’ अजून शाबूत आहे. आणि त्याच पत्र्यावर दुसरीकडे ‘म्नास’ असंही रूप आहे. बदल होत असताना पकडलेला शब्द आहे हा.

इथेच थांबलं असतं तरी पुरे होतं, पण पुढे आहे. संत पॅट्रिकच्या नावावर असलेली एक जुनी आयरिश प्रार्थना आहे. तिची भाषा आठव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तीत भक्त देवाकडे संरक्षण मागतो ते ‘ब्रिख्ता बन’पासून, म्हणजे बायकांच्या मंत्रांपासून, आणि लोहारांच्या व द्रुइडांच्या, म्हणजे केल्टिक पुरोहितांच्या, मंत्रांपासून. गॉलमधल्या पत्र्यावरचे तेच दोन शब्द, तोच षष्ठी बहुवचनाचा संबंध, मध्ये समुद्र आणि सहा-सात शतकं. मला प्रार्थनेतल्या भीतीपेक्षा ही जोडी टिकली याचं अप्रूप जास्त वाटतं.

आता संस्कृत. ऋग्वेदात स्त्री या अर्थाचे ‘जनि’ आणि ‘ग्ना’ असे दोन शब्द येतात. ‘ग्ना’ विशेषतः देवांच्या स्त्रियांसाठी. आपल्या परंपरेत हे दोन वेगळे शब्द म्हणून नोंदले गेले. पण ‘जनि’मध्ये स्वर टिकलाय आणि ‘ग्ना’मध्ये गळलाय हे लक्षात घ्या, आणि त्यांच्या शेजारी ‘ब्यॅन’ आणि ‘म्ना’ ठेवा. ‘जनि’ची जोडी ‘ब्यॅन’, ‘ग्ना’ची जोडी ‘म्ना’. मूळ भाषेत जे एका शब्दाचे दोन अंश होते ते संस्कृतात फुटून दोन शब्द झाले, आणि आयरिशने मात्र एकाच शब्दात नांदवले. ‘जनि’ नंतर मागे पडला, तरी समासांत लपून राहिला. ‘जायाया निङ्’ असं पाणिनीचं सूत्र आहे, 5.4.134. बहुव्रीही समासाच्या शेवटी ‘जाया’च्या जागी ‘जानि’ येतं असं ते सांगतं: ज्याची बायको तरुण आहे तो ‘युवजानि’. पाणिनीने आपल्या काळातलं रूप सिद्ध करण्यासाठी ‘जाया’पासून वाट काढली. ऐतिहासिक दृष्टीने पाहिलं तर तिथे जुना ‘जनि’ डोकावतो आहे.

इथे एक सापळा आहे. मराठी वाचकाला ‘जनि’ पाहताच ‘जननी’, ‘जन्म’, ‘जन’ आठवतात, आणि वाटतं, जन्म देते ती जनि. इतकं पटण्यासारखं आहे की मीही विद्यार्थी असताना तेच धरून चाललो होतो. पण हे दोन धातू वेगळे आहेत, आणि संस्कृतात राहून ते ओळखू येत नाही, कारण संस्कृतात दोघांचाही ‘ज’ झाला आहे. वेगळेपण दिसतं ते आयरिशमध्ये. जन्माच्या ‘जन्’ धातूचा मूळ आवाज साधा तालव्य ‘ग’सारखा होता. आयरिशमध्ये तो ‘ग’च राहिला, ‘गिन’ म्हणजे जन्माला घालणं. स्त्रीच्या शब्दातला मूळ आवाज ओठ गोल केलेला ‘ग्व’, त्याचा आयरिशमध्ये ‘ब’. म्हणजे आपल्याकडे ‘जन्’ आणि ‘जनि’ एकाच रंगाचे झाले, तिकडे ‘गिन’ आणि ‘ब्यॅन’ स्पष्ट वेगळे राहिले. आपल्या वेदातल्या शब्दाचं कूळ ठरवायला अटलांटिकच्या काठावरची भाषा साक्षीला येते, यासाठीच मी तुलनात्मक व्याकरणाकडे वळलो.

एका शब्दावरून नियम ठरत नाही, म्हणून आणखी साक्षीदार. संस्कृत ‘गो’, आयरिश ‘बो’, अर्थ गाय. संस्कृत ‘जीव’, आयरिश ‘ब्यो’, अर्थ जिवंत. सोमरस काढायचा दगड तो ‘ग्रावन्’, आयरिशमध्ये ‘ब्रो’ म्हणजे जातं. व्हिस्की हा शब्द ज्या ‘इश्के ब्यॅहा’वरून आला, त्याचा अर्थ जीवनाचं पाणी, आणि त्यातला ‘ब्यॅहा’ आपल्या ‘जीव’च्याच कुळातला. जिथे आपल्याकडे पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ सारखा स्वर होता तिथे ‘ग’चा ‘ज’ झाला, इतरत्र ‘ग’ राहिला. आयरिशमध्ये दोन्हीकडे ‘ब’.

आणि आता ‘वनिता’. तुमच्या सोबत्याला दोष देत नाही. ‘व्यॅन’ हा उच्चार ऐकून ‘वनिता’ आठवणं साहजिक आहे. पण ‘व्यॅन’मधला ‘व’ मूळचा नाही, तो कसा आला ते खाली सांगतो. शिवाय संस्कृतातल्या आरंभीच्या ‘व’ला आयरिशमध्ये ‘फ’ मिळतो: ‘वीर’ला ‘फ्यॅर’ म्हणजे पुरुष, ज्याचं अनेकवचन तुमच्या पाटीवरचं ‘फिर’. ‘विद्’ धातूला ‘फिस’ म्हणजे ज्ञान. ‘विधवा’ला जुन्या आयरिशमध्ये ‘फेद्व’. मग ‘वनिता’तल्या ‘वन्’ धातूला, ज्याचा अर्थ आवडणं, हवंसं वाटणं, आयरिशमध्ये ‘फ’नेच सुरू होणारं कुणी असायला हवं. ते आहे: ‘फिने’, म्हणजे भाऊबंद, कूळ, आपली माणसं. ‘फिने गेल’ या पक्षाचं नाव तुम्ही तिथे रोज ऐकत असाल, त्यातला तो ‘फिने’. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे ज्यांचे वडील, ते लिओ वराडकर याच पक्षाचे नेते म्हणून आयर्लंडचे पंतप्रधान झाले. तेव्हा ‘वनिता’ची नातलग आयर्लंडमध्ये आहे खरी, पण ती दुसऱ्या घरात.

‘ब्यॅन’ची बाकीची भावंडं पटकन सांगतो. ग्रीक ‘गुने’, ज्यावरून ‘गायनॅकॉलॉजिस्ट’. इंग्रजी ‘क्वीन’. रशियन ‘झेना’, म्हणजे बायको. आणि फारसी ‘झन’, ज्यापासून ‘जनाना’ आणि मराठी बखरींतला ‘जनानखाना’. ‘जनि’ आपल्या हातून गेला, पण त्याचाच इराणी भाऊ दरबारी भाषेतून परत आपल्या घरी आला.

आता दुसरी गोष्ट, ‘ब’चा ‘व’ आणि ‘म’ होण्याची. आयरिश शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती हीच: शब्दाची सुरुवातच बदलते. शब्दकोशात ‘व्यॅन’ शोधाल तर मिळणार नाही. सुरुवातीचं व्यंजन मऊ होण्याला ‘शेव्हू’ म्हणतात, आणि त्यावर अनुनासिक चढण्याला ‘उरू’. हे मनमानी नाही. आधीच्या शब्दाचा जो प्रत्यय झिजून नाहीसा झाला, त्याची ती सावली आहे. हे 1838 साली फ्रान्झ बॉप या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं, आणि त्याला ते दिसलं कारण त्याच्यासमोर संस्कृतचे शाबूत प्रत्यय होते. केल्टिक भाषा आपल्याच मोठ्या कुटुंबातल्या आहेत हे विद्वानांना पटायला त्याचं हे काम फार उपयोगी पडलं.

‘अन व्यॅन’मधलं ‘अन’ हे उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द. ‘ती’ या अर्थाचं हे स्त्रीलिंगी उपपद जुन्या काळी ‘सिन्दा’ असं स्वरान्त होतं. ‘सिन्दा बेना’ एका दमात म्हणा. ‘ब’ दोन स्वरांच्या मध्ये सापडतो आणि ढिला पडतो. संस्कृत ‘दीप’चा मराठीत ‘दिवा’ झाला, ‘ताप’चा ‘ताव’, ते याच कारणाने. फरक इतकाच की आपल्याकडे हे शब्दाच्या पोटात घडलं, आयरिशमध्ये दोन शब्दांच्या सांध्यावर. नंतर उपपदाचा शेवटचा स्वर गळला, ‘अन’ उरलं, पण मऊ झालेला ‘व’ तसाच राहिला. पुरुषाच्या शब्दाआधीचं उपपद ‘सिन्दोस्’ असं ‘स्’ने संपत होतं, स्वरांच्या मध्ये सापडायचं कारण नव्हतं, म्हणून ‘अन फ्यॅर’ जसाच्या तसा.

षष्ठीच्या बहुवचनात उपपदाच्या शेवटी अनुनासिक होतं. ते पुढच्या ‘बन’वर जाऊन बसलं आणि ‘न मन’ झालं. इथे मराठीकडे बघा. ‘बायकांचा’ लिहिताना आपण ‘का’वर अनुस्वार देतो. तो कुठून आला? संस्कृतात षष्ठी बहुवचन ‘-आनाम्’, प्राकृतात ‘-आणं’, आणि मराठीत त्याचा सारा देह झिजून अनेकवचनी सामान्यरूपावर तेवढा एक टिंब उरला. ‘मुलांचा’, ‘घरांचा’, ‘बायकांचा’ यांतला टिंब म्हणजे षष्ठी बहुवचनाचं उरलेलं अनुनासिक. ‘न मन’मधला ‘म’ही तेच. आपल्याकडे ते आपल्याच शब्दाच्या डोक्यावर राहिलं, तिकडे शेजारच्या शब्दाच्या तोंडावर गेलं. 2 एप्रिल 1914 रोजी डब्लिनच्या विन्स हॉटेलात स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्रांतिकारी संघटनेचं नाव ‘कुमन न मन’, म्हणजे बायकांचा संघ. त्या नावात ही सगळी कहाणी आहे.

तिसरी सावली ‘ह’ची. 1990 साली मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा इंग्रजी भाषणात मध्येच त्यांनी ‘म्ना न हेरन’ असा उल्लेख केला: आयर्लंडच्या बायका. देशाचं नाव ‘एरे’, षष्ठीत ‘एरन’. मग ‘ह’ कुठला? स्त्रीलिंगी षष्ठी एकवचनाच्या उपपदाच्या शेवटी ‘स्’ होता. तो झिजून ‘ह’ झाला आणि पुढच्या स्वराला चिकटला. ‘रामस्’चा ‘रामः’ होतो तो विसर्ग आपण ओळखतो. हा त्याचाच आयरिश प्रकार, फक्त पुढच्या शब्दाच्या वाट्याला गेलेला.

जुन्या आयरिश छपाईत मऊ झालेल्या व्यंजनाच्या डोक्यावर टिंब देत, हुबेहूब आपल्या अनुस्वारासारखा. विसाव्या शतकाच्या मध्याला साधी रोमन अक्षरं सरसकट आली तेव्हा टिंबाच्या जागी ‘एच’ लिहू लागले. तुम्हाला पानभर ‘एच’ दिसतात ते बहुतेक असे. मला जुनं टिंब जास्त आवडतं, शब्दाचं मूळ अंग त्यात झाकलं जात नाही.

मोजण्यातही हा शब्द गंमत करतो, आणि इथे मराठी माणसाला हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं. वस्तू मोजायचे आकडे वेगळे आणि माणसं मोजायचे वेगळे, ही आपली ‘दोघी, तिघी, चौघी’ची रीत आयरिशमध्ये दहापर्यंत चालते. दोघी बायका ‘बेर्त वन’, तिघी बायका ‘त्र्यूर बन’. शब्द षष्ठी बहुवचनात येतो, म्हणजे खरा अर्थ ‘बायकांची तिकडी’. पाच, सहा, सात माणसांसाठीचे जे शब्द आहेत त्यांच्या शेवटी ‘फ्यॅर’ म्हणजे पुरुष दडलेला आहे असं जुन्या रूपांवरून दिसतं. भाषेला त्याचं भान उरलेलं नाही.

‘ब्यॅन’ला बाई आणि बायको असे दोन्ही अर्थ आहेत. ‘मो व्यॅन’ म्हणजे माझी बायको. आपल्याकडे ‘बायका’ म्हटलं की दोन्ही अर्थ येतात, तसंच. समास पुष्कळ. ‘ब्यॅन घ्लूने’, शब्दशः गुडघ्याची बाई, म्हणजे सुईण. ‘ब्यॅन रियल्त’ म्हणजे नियमात राहणारी, जोगीण. ‘बनरीन’ म्हणजे राणी. त्यातला ‘रीन’ आपल्या ‘राज्ञी’चा भाऊ, म्हणून त्यात स्त्री दोनदा आली आहे. इंग्रजीत गेलेली ‘बॅन्शी’, मृत्यूआधी आक्रोश करणारी, ती ‘ब्यॅन शी’. ‘शी’ म्हणजे अद्भुत लोक राहतात तो टेकाडासारखा उंचवटा, आणि तो शब्द ‘सद्’ म्हणजे बसणं या धातूच्या कुळातला, आपल्या ‘सदन’चा नातलग. आयर्लंडला गरीब म्हातारीच्या रूपात पाहायची जुनी रीत आहे. ती म्हातारी ‘शॅनव्यॅन वॉख्त’. 1896 साली बेलफास्टहून निघालेल्या एका राष्ट्रवादी मासिकाचं हेच नाव होतं, इंग्रजी कानांना ऐकू आलं तसं लिहिलेलं, म्हणून त्यात दोन्ही ठिकाणी ‘व’ आहे, मूळ ‘ब’ नाही. ‘शॅन’ म्हणजे जुनं, संस्कृत ‘सन’, ज्याच्याच घरातलं ‘सनातन’.

काही फसवे शब्द. ‘ब्यॅनख्त’ म्हणजे आशीर्वाद, तो चर्चच्या लॅटिनमधून आलेला, बाईशी संबंध नाही. स्कॉटलंडच्या ‘बेन नेव्हिस’मधला ‘बेन’ म्हणजे शिखर. आणि ‘कलीन’ म्हणजे मुलगी, हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहे, शेवटच्या लघुत्वाच्या प्रत्ययामुळे. उपपदानंतर तो मऊ होत नाही, पण सर्वनाम मात्र ‘ती’च वापरतात. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्याला हे चालून जावं.

एक माणूस सांगायचा राहिला. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा कायदेपंडित, 1862 साली हिंदुस्थानात आला आणि वीस वर्षं राहिला. दिवसा कायद्यांची कलमं, उरलेल्या वेळात जुनी आयरिश. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या कॉर्मक या राजा-बिशपच्या नावावर जुना शब्दकोश आहे. जॉन ओडोनोव्हन या आयरिश विद्वानाने त्याचं केलेलं भाषांतर स्टोक्सने टिपा घालून छापलं, 1868 साली, कलकत्त्यात. आयरिश शब्दांच्या व्युत्पत्तीचा इतका महत्त्वाचा ग्रंथ हुगळीच्या काठी छापला गेला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आयरिश बोलणाऱ्या गावात शिकायला आलेल्यांना घरी ठेवून घेणाऱ्या बाईला ‘ब्यॅन अ ती’ म्हणतात, घराची बाई, आपण घरधनीण म्हणू तशी. ‘ती’ हे ‘त्यॅख’ म्हणजे घर याचं षष्ठीचं रूप. हाक मारताना आधी संबोधनाचा ‘अ’ लागतो आणि तो पुढचं व्यंजन मऊ करतो. म्हणून ‘अ व्यॅन अ ती’. त्या आणि त्यांची बहीण दोघी समोर असतील तर ‘अ व्ना’, लिहिताना एम, एच, एन, ए. पण तुमच्या भागात ते ‘अ व्रा’ ऐकू येईल. आडनावाने लिहायचं असेल, समजा कार्डावर, आणि आडनाव ‘ओ’ने सुरू होणारं असेल, तर ‘ब्यॅन ई’ आणि पुढे घराण्याचं नाव. ‘ई’ हे ‘ओ’ म्हणजे वंशज याचं षष्ठीचं रूप, अमक्याच्या वंशजाची बायको अशा अर्थाचं. पण घरात ‘अ व्यॅन अ ती’च म्हणा. पहिल्यांदा म्हणाल तेव्हा ‘ब’ तोंडात येईल. तो गिळून ‘व’ म्हणा, त्या लगेच वळून बघतील.